आश्रुबाच्या दुकानातली इंग्रजी

ताडकळसला बसस्टँडकडून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला आश्रुबा खंदारे यांचं सायकलीचं दुकान लागतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक हवेचा पंप, पाण्याचं एक घमेलं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि वाशाला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. अडतीस वर्षांत या दुकानात नवीन असं फारसं काही घडलं नाही. मागच्या डिसेंबरात मात्र घडलं. आश्रुबांची थोरली लेक मनिषा, परभणीच्या एका मोठ्या दवाखान्यातली सिस्टर, वीस दिवसांची रजा टाकून आली आणि दुकानात स्टुलावर बसून समोरच्या चाकांशी इंग्रजी बोलू लागली.

गिऱ्हाइकं आधी बिचकली. हवा भरायला आलेला माणूस पंप हातात धरून ऐकत राही आणि हवा भरायची राहून जाई. कुणी म्हणालं, पोरगी विलायतेला चाललीय. कुणी म्हणालं, लग्न लांबलं की माणूस असं एकटंच बोलायला लागतं. हे दुसरं बोलणं मनिषाच्या मायच्या, सरजाबाईंच्या कानावर गेलं. त्या बोलणाऱ्याच्या दारात गेल्या आणि त्याचं स्वतःचं लग्न किती खटपटीनं जमलं होतं याची उजळणी चारचौघांत करून आल्या. त्यानंतर तो विषय बंद पडला.

खरी गोष्ट साधी होती. इंग्लंडात नर्स व्हायचं तर आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे तिचे चार भाग. बोलण्याच्या भागात समोर परीक्षक बसतो, दहा-पंधरा मिनिटं काहीबाही विचारतो आणि नवापैकी गुण देतो. मनिषाला सात हवे होते. दोनदा ती परीक्षेला बसली, दोन्ही वेळा बाकीचे तीन भाग निघाले आणि बोलण्यात साडेसहा पडले. अर्ध्या गुणानं माणूस किती खाली पडू शकतो, हे ज्याला कळायचं त्यालाच कळतं. इंग्लंडातल्या एका दवाखान्यानं व्हिडिओवर मुलाखत घेऊन तिला पसंत केलं होतं, पण त्यांचं पत्र जानेवारीअखेरपर्यंतच चालणार होतं. म्हणजे ही तिसरी वेळ शेवटची. सात पडले तर विमान, नाही पडले तर पुन्हा तेच वॉर्ड आणि तीच रात्रपाळी.

आता मनिषा काही कच्ची सिस्टर नव्हे. सहा वर्षं अतिदक्षता विभागात काढलेली. तान्ह्या लेकराची शीर डॉक्टरांना सापडत नाही तेव्हा तिला हाक मारतात. दवाखान्याच्या त्या मुलाखतीतही ती धडाधड इंग्रजी बोलली होती, कारण तिथं पेशंटबद्दल विचारलं होतं आणि पेशंटबद्दल बोलायला तिला कुठली फाइल लागत नव्हती. परीक्षेत मात्र फाइल होती. तिथंच सगळा घोळ झाला.

फाइल व्यंकटराव सरांची. परभणीला त्यांचा क्लास. माणूस वाईट नव्हे, पोरींसाठी उन्हातान्हाची पर्वा न करता राबणारा. पण त्यांचं एक ठाम मत होतं: आपल्या भागातल्या पोरींना इंग्रजी ऐनवेळी सुचत नसतं, ते आधीच पाठ पाहिजे. म्हणून त्यांनी चाळीस विषयांची हमखास उत्तरं तयार केली होती. पाऊस, मित्र, चॉकलेट, सायकल. सायकलीचं उत्तर तर सरांचं लाडकं. 'माझे वडील व्यावसायिक आहेत. त्यांनी मला वाढदिवसाला लाल सायकल भेट दिली. दर रविवारी मी तळ्याकाठच्या बागेत ती चालवते. त्यामुळे माझं मन ताजंतवानं होतं.' वर्षभरात परभणी जिल्ह्यातल्या निदान बावीस नर्सा पुण्याच्या परीक्षा केंद्रावर जाऊन त्याच लाल सायकलीबद्दल आणि त्याच तळ्याबद्दल सांगून आल्या. चुडाव्याच्या बबितानं उभ्या जन्मात सायकलला हात लावला नव्हता, तीसुद्धा दर रविवारी बागेत जाऊन आली. परभणी जिल्ह्यात वाढदिवस म्हटला की सायकल लालच मिळते, असं त्या परीक्षकांना वाटलं असेल तर त्यांचा काय दोष!

मनिषाच्या दुसऱ्या परीक्षेत नेमकी सायकल निघाली. तिला वाटलं, लॉटरी लागली. तिनं एका दमात लाल सायकल आणि तळं सांगून टाकलं. समोरच्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं, थोडं हसले आणि विचारलं, "छान. आणि सायकल बिघडली की दुरुस्त कोण करायचं?"

फाइलीत हे नव्हतं. खरं उत्तर जिभेच्या टोकावर होतं, पण वडील व्यावसायिक आहेत असं तीच अर्ध्या मिनिटापूर्वी बोलून बसली होती. बराच वेळ ती टेबलाकडे बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "एक मेकॅनिक." त्यापुढचं सगळं बोलणं अडखळतच गेलं. साडेसहा कुठं पडले हे तिला निकालाआधीच ठाऊक होतं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली की पेपर अवघड होता.

म्हणूनच डिसेंबरात ती बाकीचे एकोणचाळीस विषय सोडून सायकलीच्या उत्तराला भिडली होती. पाय जिथं घसरला तिथंच आधी पक्का करायचा, असा तिचा स्वभाव. घरी टीव्ही आणि माय दोन्ही चालू असायचे, म्हणून ती दुकानात बसायची. आश्रुबा आपलं काम करत आणि तिला बोलू देत. तीन दिवस त्यांनी काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी मात्र त्यांना राहवेना.

"काय म्हणायलीस गं चार दिवसांपासून? एकच एक म्हणायलीस, एवढं मला बी कळायलंय."

"सायकलीबद्दल हाय, बाबा."

आश्रुबांच्या हातातला पाना थांबला. परीक्षा इंग्लंडची आणि विषय आपल्या दुकानातला, हे ऐकून त्यांना धन्य वाटलं. "सायकलीबद्दल? मंग मराठीत सांग की. विलायतेत सायकलीबद्दल काय विचारायलेत, आमाला बी कळू दे."

मनिषानं टाळून बघितलं, पण बाप कान टवकारून बसला होता. शेवटी तिनं सांगितलं. वडिलांच्या व्यवसायाचं वाक्य तेवढं गाळलं.

"लाल सायकल," आश्रुबा विचारात पडले. "ही कवा दिली म्या तुला?"

"तसं फाइलीत लिहिलंय, बाबा."

"आन तळ्याकाठची बाग?"

"ती बी लिहिलीय."

"ताडकळसला बाग झाली आन मला पत्ता न्हाई!" ते मनापासून हसले. हसता हसता धंद्याच्या कौतुकानंच त्यांनी विचारलं, "आन मोडली तर दुरुस्त कोन करतं, असं न्हाई विचारत का ते?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. पण मनिषाला त्या क्षणी खोट्याचाच वीट आला होता.

"विचारलं व्हतं मागल्या टायमाला."

"मंग?"

"एक मिस्त्री हाय म्हणून सांगितलं."

"आन बाप काय करतो म्हणून सांगितलंस?"

"बिझनेस."

आश्रुबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाजूला टेकवलेलं एक चाक उचललं, उलट्या सायकलीच्या चिमट्यात बसवलं आणि फिरवलं. मनिषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसानं पंक्चर काढून काढून तिला नर्सिंगला घातलं होतं आणि तिनं पुण्यात जाऊन त्याला 'एक मिस्त्री' करून टाकलं होतं.

आश्रुबा चाकाचा आऊट काढत होते. वाकडं झालेलं चाक सरळ करण्याला आमच्याकडे आऊट काढणं म्हणतात. रिमेजवळ एक खिळा धरायचा आणि चाक फिरवायचं. जिथं रिम वाकडी तिथं खिळा लागतो आणि खस्स असा आवाज येतो. बाकीचे मिस्त्री डोळ्यांनी बघतात. आश्रुबा डोळे मिटून नुसता कान देतात. खस्स झालं की चाक तिथंच थांबवायचं, त्या जागची तार पाव फेरा आवळायची, समोरची पाव फेरा ढिली करायची आणि पुन्हा फिरवायचं. एकदम आवळली तर दुसरीकडं वाकडं होतं. त्यांच्या हातचं चाक वर्षानुवर्षं डुगडुगत नाही, अशी ख्याती पार पूर्ण्यापर्यंत.

थोड्या वेळानं डोळे न उघडताच ते म्हणाले, "म्हण बरं ते इंग्रजी. पहिल्यापासून."

"तुमाला कळणार न्हाई, बाबा."

"चाक काय मराठीत बोलतंय व्हय माझ्यासंगं? म्हण तू."

मनिषानं सुरुवात केली. आश्रुबांनी मान खाली घातली आणि कान दिला. दुसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला. "हितं लागायलंय."

ती लाल सायकल होती. मनिषा चपापली, पण बोलत राहिली. पुढं पुन्हा हात वर झाला. "हितं बी." ते तळं होतं. पुढं मन ताजंतवानं झालं तिथंही त्यांनी हात वर केला. या माणसाला फादर आणि बायसिकल यापलीकडं इंग्रजीतलं काही येत नव्हतं आणि तो एकेक खोटं वाक्य अचूक पकडत होता. मनिषा इतकी गडबडली की पाठांतराची गाडी रुळावरून घसरली आणि तिच्या तोंडून भलतंच काही निघालं. आठवीत असताना दळणाचा डबा घेऊन ती सायकलवरून पडली होती आणि सगळं पीठ रस्त्यावर सांडलं होतं, हे ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून गेली.

आश्रुबांनी डोळे उघडले. "हे बेस हाय. हितं कुठंच लागलं न्हाई. काय व्हतं हे?"

तिनं सांगितलं. ते खो खो हसले, कारण त्या दिवशी पिठानं पांढरी झालेली पोरगी घरी आली तेव्हा सरजाबाई तिला भूत समजून ओरडल्या होत्या. मग ते उठले, दुकानाच्या मागच्या बाजूला गेले आणि आडोशाला टांगलेली एक जुनी सायकल काढून आणली.

ती 'खिचडी' होती. घर तेव्हा तीन किलोमीटरवरच्या एका खेड्यात होतं आणि हायस्कूल ताडकळसला. नवी सायकल घेणं शक्य नव्हतं, म्हणून आश्रुबांनी वर्षभर भंगारातून एकेक भाग निवडून मनिषाला सायकल बांधून दिली होती. सांगाडा एका पोस्टमनच्या सायकलीचा, मागचं चाक दूधवाल्याचं, हँडल कुठल्याशा लेडीज सायकलीचं, आणि घंटी एवढी मोठी की म्हशी रस्ता सोडायच्या. एकाही भागाचा रंग दुसऱ्याशी जुळत नव्हता. वर्गातल्या पोरींनी तिचं नाव 'खिचडी' ठेवलं आणि मनिषानं तिचा पाच वर्षं दुस्वास केला.

"बाबा, मी ही शाळेमागं लपवून ठेवायची," ती म्हणाली. आज खरंच बोलायचा दिवस होता तर सगळंच बोलून टाकावं.

"म्हाईत हाय. तुज्या मास्तरनं सांगितलं व्हतं."

"मंग तुमी कधी बोलला न्हाईत?"

"काय बोलायचं त्यात? लपवून का व्हईना, शाळेत तर जात व्हतीस."

मनिषाला रडू फुटलं. आश्रुबांनी तिला रडू दिलं आणि खिचडीचं पुढचं चाक काढायला घेतलं. ते गंजून वेडंवाकडं झालं होतं. तिचे डोळे कोरडे झाल्यावर तेवढंच म्हणाले, "फाइल तिकडं ठिव. ह्या चाकाचा आऊट काढू आपण. मी तारा आवळतो, तू बोल."

त्या दिवसापासून दुकानात दोन आऊट निघू लागले. मनिषा मनात येईल ते सायकलीबद्दल इंग्रजीत बोलायची आणि आश्रुबा हात वर करायचे. पहिले काही दिवस हात खाली येतच नव्हता. उत्तरं पाठ नसल्यामुळं ती अडखळायची, शब्द शोधायची, ओशाळून गप्प व्हायची. गंमत म्हणजे अडखळण्याला ते हात वर करत नसत. "ते चालतंय. चाक हळू फिरलं तर वाकडं नसतंय," ते म्हणायचे. हात वर व्हायचा तो ती मध्येच फाइलीतली भारदस्त वाक्यं घुसडायची तेव्हा. आणि एका दिवसात सगळं सुधारायला गेली की ते तिला थांबवायचे. "पाव फेरा, पोरी. पाव फेरा."

बाजाराच्या दिवशी दुकानासमोर भाजी घेऊन बसणाऱ्या धुरपताबाई हे सगळं बघत होत्या. सत्तरीची बाई, स्वतःच्या रानातली मेथी विकायची आणि फुकटात सल्ले द्यायची. त्यांनी मनिषाला विचारलं, "तो साहेब इचारतो तवा तुला आधी म्हाईत असतंय का काय इचारणार ते?"

"न्हाई, आजी."

"मंग बापाला काय बोलून दाखवायलीस! मी इचारते. तू सांग."

आणि धुरपताबाईंनी विचारायला सुरुवात केली. अस्सल ताडकळसी मराठीत प्रश्न आणि मनिषानं ताबडतोब इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा खेळ ठरला. सरांच्या चाळीस विषयांत मिळून नसतील असले ते प्रश्न. पोरगी पयल्यांदा सायकलीवर बसली तवा गाव काय म्हणलं? नवरा-बायकोत सायकल कोनी हाणावी आन कोनी बसावं? मोटारसायकली आल्या तर सायकली मरतील का? मेल्या तर तुज्या बापानं काय करावं? या शेवटच्या प्रश्नाला मनिषा बराच वेळ अडली, पण उत्तर देऊन मोकळी झाली. धुरपताबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. तरी त्या म्हणाल्या, "बरं सांगितलंस," आणि तिच्या हातावर मेथीची एक जुडी ठेवली.

मग गिऱ्हाइकंही सामील झाली. पंक्चरला आलेला माणूस ट्यूब घमेल्यात बुडायच्या आत एक प्रश्न टाकू लागला. निवृत्त मास्तर दिनकरराव, ज्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवली पण बोलायची पाळी कधी येऊ दिली नाही, ते रोज पेपर घेऊन येऊन बसू लागले. पहिल्या दिवशी ते तिला प्रत्येक वाक्यात अडवत होते. दुसऱ्या दिवशी आश्रुबांनी त्यांना अदबीनं विचारलं, "मास्तर, तुमी बी एक-दोन वाक्यं म्हणून दावता का? मी ऐकतो." दिनकररावांना त्या दिवशी घरी फार काम निघालं. नंतर आले ते ऐकायलाच.

सोळाव्या दिवशी खिचडीचं चाक फिरवलं तर खिळ्याला कुठंच लागलं नाही. आश्रुबांनी ते सायकलीला बसवलं, घंटीला तेल दिलं. मनिषा भर बाजारातून खिचडीवर बसून जुन्या शाळेपर्यंत गेली आणि आली. पाच वर्षं जी लपवली ती सायकल तिनं शाळेच्या फाटकासमोर उभी केली, दोन मिनिटं तशीच राहू दिली. कुणी हसलं नाही. एका पोरीनं घंटी वाजवून बघितली.

पुण्याला ती एकटीच गेली. सरजाबाईंनी तिच्या पिशवीत धपाटे आणि चटणी कोंबली. आश्रुबांनी नुसतं "जय भीम" म्हणून बसच्या खिडकीला हात लावला. या वेळी परीक्षक बाई होत्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकावर घसरलेला. टेबलावर रेकॉर्डर चालू झाला. मनिषा सायकलीची वाट बघत होती. सायकल आली नाही. बाईंनी विचारलं ते आरशांबद्दल.

दोन महिन्यांपूर्वी हे झालं असतं तर ती पुन्हा टेबलाकडे बघत बसली असती. आता तिला आठवला दुकानातला तडकलेला आरसा, ज्यात बाबा दाढी करतात आणि अर्धी मिशी दिसतच नाही. तिनं तेच सांगितलं. बाई हसल्या. पुढं घर, दवाखाना, पेशंट. ती अडखळली, थांबली, चुकली, पुन्हा सरळ झाली. चाक हळू फिरलं तर वाकडं नसतं, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

मग बाईंनी तिच्यापुढं एक कार्ड सरकवलं. त्यावर लिहिलं होतं: एखादं कौशल्याचं काम तुम्ही कुणाकडून शिकलात, त्याबद्दल दोन मिनिटं बोला. विचार करायला एक मिनिट आणि पेन्सिल मिळाली. मनिषानं पेन्सिल उचललीच नाही. मिनिट संपलं आणि तिनं पहिलं वाक्य उच्चारलं.

"माय फादर रिपेअर्स बायसिकल्स."

कुणी विचारलं नव्हतं. तीच बोलली, आणि पुढं थांबली नाही. आऊट काढण्याला इंग्रजीत काय म्हणतात हे तिला माहीत नव्हतं, आजही नाही. मग तिनं ती न उचललेली पेन्सिल खिळा म्हणून धरली, डाव्या हाताचं चाक केलं आणि ते हवेत फिरवून दाखवलं. इथं लागतं, इथं पाव फेरा आवळायचं, समोर पाव फेरा सोडायचं. डोळे मिटून ऐकायचं. बाई पुढं झुकल्या. दोन मिनिटं झाल्यावर त्यांनी थांबवायला हवं होतं, त्यांनी थांबवलंही, पण लगेच विचारलं, "आणि काम पूर्ण झालं हे त्यांना कसं कळतं?"

"चाक तक्रार करायचं थांबतं तेव्हा," मनिषा इंग्रजीत म्हणाली. केंद्राबाहेर येऊन तिनं फुटपाथवर उभ्या उभ्या एक धपाटा खाल्ला. साडेसहा पडोत नाहीतर पाच, आपण आज माणसासारखं बोललो, असं तिला वाटलं. पण आत कुठंतरी जीव टांगणीला लागलेला होताच. जानेवारी अर्धा संपला होता.

निकाल आला तो बाजाराचा दिवस. सुट्टीला आलेली मनिषा दुकानात होती. मोबाइल वाजला, तिनं उघडून बघितला, आणि तिला आकडे दिसेनात. तिनं तो दिनकररावांच्या हातात दिला. मास्तरांनी चष्मा पुसला आणि तीस वर्षं वर्गात निकाल वाचले तसा खणखणीत आवाजात वाचला. ऐकणं साडेसात. वाचणं सात. लिहिणं सात. मग ते थांबले. घमेल्यातल्या पंक्चरचे बुडबुडे तेवढे ऐकू येत होते.

"बोलणं," मास्तर म्हणाले आणि त्यांचाच आवाज चिरकला, "साडेसात! सात न्हाई, बाई, साडेसात!"

मनिषा किंचाळली. समोरून धुरपताबाई मेथी तशीच टाकून रस्ता ओलांडून आल्या आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. कुणीतरी पेढे आणायला धावलं. सरजाबाई घरून अनवाणी पळत आल्या, लेकीला मिठी मारली आणि पहिलं काय केलं असेल तर लग्न लांबलं म्हणणाऱ्या त्या माणसाचं घर कुठं आहे त्या दिशेला तोंड करून मोठ्यानं निकाल सांगितला. मनिषा हसत होती, रडत होती, आणि तिला त्याची बिलकुल लाज वाटत नव्हती.

आश्रुबा मात्र बसले होते तिथंच होते. हातातलं पंक्चर त्यांनी आधी पुरं केलं. ठिगळ लावलं, ट्यूब टायरात घातली, हवा भरली, गिऱ्हाइकाला सायकल दिली. मग हात धुतले आणि लेकीजवळ आले.

"या बारीला सायकल निघाली व्हती का?"

"न्हाई, बाबा. आरसा निघाला."

"म्हणजे दुरुस्त कोन करतं, ते त्या बाईनं विचारलंच न्हाई?"

"न्हाई विचारलं. मीच सांगितलं, न विचारता."

आश्रुबांनी ओले हात पुसले. "काय सांगितलंस? म्हण बरं."

मनिषा स्टुलावर बसली नाही, उभी राहिली. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले, मान थोडी खाली घातली आणि तिच्याकडं कान केला. भरल्या बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माय फादर रिपेअर्स बायसिकल्स."

आश्रुबांचा हात खालीच राहिला. डोळे उघडायला त्यांना जरा वेळ लागला.

"कुठंच लागंना," ते म्हणाले.